डी ला टाकताच बसणारा धक्का: गिअरबॉक्स खोलण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९९९ची मर्सिडीज ई-क्लास, डब्ल्यू-२१०, पेट्रोल, पाच गिअरची ऑटोमॅटिक. पावणेदोन लाख किलोमीटरच्या आसपास. सकाळी पहिल्यांदा पी (पार्क) मधून डी (ड्राइव्ह) किंवा आर (रिव्हर्स) ला टाकलं की क्षणभर काहीच होत नाही आणि मग खालून ढप्पकन धक्का बसतो. गाडी तापल्यावर उशीर कमी होतो, पण धक्का पूर्ण जात नाही. एकदा पळायला लागली की पुढचे गिअर मऊ पडतात. गिअरबॉक्सचं ऑइल ‘आयुष्यभराचं’ असतं असं आधीच्या मालकाने सांगितल्यामुळे ते कधी बदललेलं नाही. मेकॅनिकने एक चक्कर मारली आणि सांगितलं, “गिअरबॉक्स गेला, ओव्हरहॉल करा.” ते करावं का?

इतक्यात नको. चालत्या गाडीत गिअर मऊ पडतात, चढावर इंजिन नुसतं रेस होत नाही, आणि तापल्यावर तक्रार वाढण्याऐवजी कमी होते. अशा गिअरबॉक्सला ‘गेला’ म्हणण्यासारखा पुरावा तुमच्या वर्णनात तरी नाही. माझा अंदाज असा की इथे दोन वेगळी दुखणी एकावर एक बसली आहेत. उशीर होतो आहे तो बहुधा ऑइलमुळे, आणि त्यानंतरचा धक्का एवढा मोठा वाटतो आहे तो गिअरबॉक्सच्या बाहेरच्या दमलेल्या रबरांमुळे. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत असंच असतं. एकच मोठा बिघाड शोधत बसलं की तो सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणून सगळंच खोललं जातं.

गिअर पकडताना आत काय घडतं ते आधी बघू, म्हणजे पुढच्या तपासण्या का करायच्या हे कळेल. गाडी पी किंवा एन (न्यूट्रल) मध्ये उभी असते तेव्हा टॉर्क कन्व्हर्टरमधला (इंजिनचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सकडे पोचवणारा भाग) टर्बाइन, म्हणजे गिअरबॉक्सकडचं पंख्यासारखं चाक, जवळजवळ इंजिनच्याच वेगाने फिरत असतो, कारण त्याच्यावर भार नसतो. तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून डी ला टाकता तेव्हा चाकं थांबलेली असतात, म्हणून त्या टर्बाइनलाही साडेसहाशे-सातशे आरपीएमवरून शून्यावर यावं लागतं. त्याला थांबवण्याचं काम प्लेट्सचा एक संच करतो. तुमच्या गाडीतल्या ७२२.६ गिअरबॉक्समध्ये एन मधून डी ला जाताना बी-२ नावाचा मल्टिप्लेट ब्रेक लागतो आणि आर ला जाताना बी-३. पिस्टनमागे ऑइल भरतं, पिस्टन सरकून प्लेट्समधली फट बुजवतो, मग दाब चढत जातो आणि प्लेट्स पकडतात. फट बुजवायला लागतो तो वेळ म्हणजे तुम्हाला जाणवणारा उशीर. दाब किती हळुवार चढतो त्यावर पकड मऊ की कडक हे ठरतं. आणि प्लेट्सनी पकडल्यावर तो जोर चाकांपर्यंत पोचेतो वाटेत जितका ढिलेपणा असेल, तितका आवाज आणि हिसका. म्हणजे उशीर, दाब आणि ढिलेपणा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या मेकॅनिकने त्या तिन्हींचं एकच गाठोडं बांधलं आहे.

वेळ मोजण्यापासून सुरुवात करा. यासाठी काही खोलावं लागत नाही. सपाट जागा, चाकांना ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, ब्रेकवर पाय घट्ट, एसी बंद, गाडीच्या पुढे-मागे कोणी नको. मोबाइलवर लिव्हर आणि आरपीएमचा काटा दोन्ही दिसतील असा व्हिडिओ घ्या. एन मधून डी ला टाका, काटा किंचित खाली जाईपर्यंत किंवा धक्का जाणवेपर्यंतचा वेळ नंतर व्हिडिओवरून मोजा. मिनिटभर थांबून तेच आर साठी करा. हे रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर एकदा आणि अर्धा तास चालवून आणल्यावर एकदा. टोयोटा-लेक्ससच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये तापलेल्या गाडीसाठी डी ला १.२ सेकंदापेक्षा कमी आणि आर ला १.५ सेकंदापेक्षा कमी अशी मर्यादा दिलेली असते. तुमचा गिअरबॉक्स त्या घराण्यातला नाही, पण तुलनेसाठी हे आकडे चांगले आहेत. आर ला थोडा जास्त वेळ लागणं बऱ्याच गिअरबॉक्समध्ये स्वाभाविक असतं, त्याने घाबरू नका.

आता या चार आकड्यांचं वाचन. थंड असताना दोन्हीकडे उशीर आणि तापल्यावर सुधारणा, तर संशय ऑइलच्या पातळीवर, फिल्टरवर आणि कडक झालेल्या सीलवर, आणि याच क्रमाने. ऑइल तापलं की फुगतं, पातळी वर येते, म्हणून कमी ऑइलची गाडी तापल्यावर शहाण्यासारखी वागते. फक्त आर ला उशीर असेल तर पातळीपेक्षा बी-३ आणि त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेचा विचार करायचा, फक्त डी ला असेल तर बी-२ चा. थंड असताना ठीक आणि तापल्यावर उशीर वाढत जातो, हे मात्र वाईट लक्षण. ऑइल पातळ झाल्यावर ते आतल्या घासलेल्या सीलमधून, रिंगांमधून निसटतं आणि दाब धरत नाही असा त्याचा अर्थ होतो. आणि उशीर अजिबात नाही, टाकल्या टाकल्या धक्का, तर मग आयडल (ऍक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग), माउंटिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स ज्यांवर बसतात ती रबरं), शाफ्ट किंवा जास्तीचा दाब. तुमचं वर्णन पहिल्या प्रकारात बसतं, शेवटच्याची थोडी भेसळ आहे.

म्हणून ऑइलची पातळी. वाटतं तितकं हे सोपं नाही. ७२२.६ ला बॉनेटखाली ऑइलची नळी आहे, तिच्यावर लाल लॉकवालं टोपण आहे, आणि टोपण काढल्यावर आत डिपस्टिक नाही! कारखान्याने ती मुद्दाम दिलेली नाही, वर्कशॉपकडे वेगळी मोजपट्टी असते. गिअरबॉक्सच्या तळाला टेकेपर्यंत ती आत घालायची आणि ऑइल किती वर आलं ते बघायचं. मोजपट्टीवर २५ अंश आणि ८० अंश अशा दोन तापमानांच्या खुणा असतात. २५ ची खूण फक्त ऑइल भरताना अंदाजासाठी. खरी पातळी ८० अंशांना, गाडी सपाट जागेवर, इंजिन आयडलवर चालू, लिव्हर सगळ्या जागांवरून एकदा फिरवून पी मध्ये, अशीच बघायची. इंजिन बंद करून बघितलेली पातळी काही कामाची नाही, कारण कन्व्हर्टरमधलं ऑइल खाली उतरून ती खोटी वर दिसते. नळीच्या भिंतींना लागलेलं ऑइल पट्टीला चिकटतं, म्हणून दोन-तीनदा पुसून, घालून, सारखं उत्तर आलं तरच विश्वास ठेवा.

तापमान किती आहे हे कळणार कसं? स्कॅनरने. इथे एक गंमत आहे, आणि ती माहीत नसल्यामुळे चांगले मेकॅनिक चुकतात. या गिअरबॉक्सचा तापमान सेन्सर पी-एन च्या स्टार्टर लॉक संपर्काशी (फक्त पी किंवा एन मध्येच स्टार्टर चालू देणाऱ्या) एका ओळीत जोडलेला आहे. लिव्हर पी किंवा एन मध्ये असताना कंट्रोल युनिटला (गिअरबॉक्स चालवणाऱ्या संगणकाला) गिअरबॉक्सचं खरं तापमान मिळतच नाही, ते इंजिनचं तापमान धरून चालतं. म्हणून ब्रेकवर पाय ठेवून क्षणभर डी ला टाकायचं, आकडा वाचायचा, आणि परत पी मध्ये येऊन पातळी मोजायची. इंजिन तापलं म्हणजे गिअरबॉक्सही तापला असं धरून पातळी बघितली तर ऑइल विनाकारण जास्त भरलं जातं. जास्त ऑइलही वाईटच. फिरणारे भाग त्यात बुडतात, फेस होतो, फेसाळलेलं ऑइल दाब धरत नाही, आणि तक्रार पुन्हा तीच, उशीर आणि धक्का. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ हा इंजिन ऑइलच्या बाबतीतला गैरसमज लोक इथेही घेऊन येतात.

पातळी कमी निघाली तर ऑइल गेलं कुठे, हा पुढचा प्रश्न. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ऑइल जाळत नाही. जमिनीवर डाग दिसत नाही म्हणून गळती नाही असं समजू नका. या गाड्यांना खालून प्लास्टिकचं कव्हर असतं, त्यात ऑइल महिनोन् महिने साठत राहतं. ते काढून बघा. ७२२.६ मध्ये पहिली नजर जिथे टाकावी ती जागा म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला लागणारा १३ पिनांचा गोल प्लग. वायरिंग ज्या प्लास्टिकच्या अडॅप्टरमधून आत जातं, त्याच्या ओ-रिंग वयाने कडक होतात आणि तिथून ऑइल झिरपतं. थोडं बाहेर येतं, आणि थोडं वायरच्या तारांमधून केशाकर्षणाने वर चढत थेट गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं. म्हणून कंट्रोल युनिटचा प्लग काढून आत बोट फिरवा. तेलकट लागलं तर गळतीचा उगम तुम्हाला गाडीखाली न जाता सापडला. अडॅप्टर म्हणजे ओ-रिंगसकट येणारा एक छोटा प्लास्टिकचा तुकडा, एका बोल्टवर बसणारा. एवढ्याशा तुकड्यापायी अख्खे गिअरबॉक्स खोलले गेले आहेत. बाकी जागा नेहमीच्याच: पॅनचं गॅस्केट, कूलरला जाणाऱ्या पाइपांचे जोड, पुढचं सील.

पातळी बघता बघता ऑइलचा रंगही बघा. काळपट लालसर, जुनं पण वास नसलेलं, हे वयाचं. जळका वास आणि काळा रंग, हे प्लेट्सचं. आणि दुधाळ गुलाबी असेल तर सगळी तपासणी थांबवा, गाडी चालवू नका. गिअरबॉक्सचा ऑइल कूलर रेडिएटरच्या आत असतो, तो आतून फुटला तर कूलंट ऑइलमध्ये मिसळतं. त्यातला ग्लायकोल प्लेट्सच्या अस्तराला खराब करतो. प्रमाण अगदी कमी असेल तर रंग बदलतही नाही, फक्त हलक्या ऍक्सिलरेटरवर गाडी थरथरते, खडबडीत रस्त्यावरून गेल्यासारखी. तसं काही जाणवत असेल तर ग्लायकोल तपासणीचं किट मिळतं, ते वापरा आणि रेडिएटर बदलल्याशिवाय नवीन ऑइल घालू नका.

ऑइल बदलायचं का? हो, बदला. ‘आयुष्यभराचं’ या शब्दावर माझा विश्वास नाही. जुन्या ऑटोमॅटिकचं ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो, हेही तुमच्या कानावर आलं असेल. त्यात थोडं तथ्य आहे, पण कारण उलटं लावलं जातं. ज्याच्या प्लेट्स आधीच घसरत आहेत अशा गिअरबॉक्सला लोक शेवटचा उपाय म्हणून ऑइल बदलतात, आणि तो नंतर मरतो तो आधीच मरत असल्यामुळे. तुमचा गिअरबॉक्स घसरत नाही, उशिरा पकडतो. पॅन काढा, ऑइल काढा, फिल्टर आणि गॅस्केट नवीन, अडॅप्टर त्याच कामात नवीन. सुरुवातीच्या ७२२.६ मध्ये टॉर्क कन्व्हर्टरलाही ड्रेन प्लग असतो, इंजिन हाताने फिरवून तो खाली आणता येतो. तो असेल तर जवळपास सगळं जुनं ऑइल निघतं. नसेल तर पॅनमधलं बदलून काही आठवडे चालवून पुन्हा एकदा तसंच करा. दाबाने ऑइल फिरवणाऱ्या फ्लशिंग मशीनला मी जुन्या गिअरबॉक्सपासून लांब ठेवतो, कोपऱ्यात बसलेली घाण जागची उठवून व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइलच्या वाटा उघड-बंद करणाऱ्या भागात) पोचवायला ते पुरेसं असतं. ऑइलचा डबा उचलताना वरचं नाव वाचू नका, मागचा मंजुरी क्रमांक वाचा. या गिअरबॉक्ससाठी मर्सिडीजचा सुरुवातीचा क्रमांक २३६.१०, नंतरचा २३६.१४. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेलं ऑइल इथे नको.

पॅन खाली आला की त्यातलं लोहचुंबक बघा, हा सगळ्यात प्रामाणिक अहवाल असतो. चुंबकावर बारीक करडी-काळी पेस्ट असणं म्हणजे वयानुसार झीज. चमकणारे पत्र्याचे कण, पितळी किंवा तांब्याच्या रंगाचे तुकडे, प्लेटच्या अस्तराचे काळे खवले दिसले तर ओव्हरहॉलची गोष्ट खरी मानायची. मेकॅनिकला सांगा, पॅन धुण्याआधी मला दाखव. धुतलेला पॅन काही बोलत नाही.

ऑइल पूर्ण, फिल्टर नवीन, तरी उशीर राहिला, तर खोलण्याआधी एक स्वस्त शक्यता उरते: लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या रॉडचे प्लास्टिक बुश. ते झिजले की लिव्हर डी वर दिसतो पण आतला व्हॉल्व्ह पूर्ण डी वर पोचलेला नसतो, आणि ऑइलची वाट अर्धवट उघडते. लिव्हर अगदी सावकाश सरकवून बघा. डी च्या थोडं पुढे रेटल्यावर गिअर लगेच पकडत असेल तर बुश आणि जुळणी तपासा.

आता तापल्यावरही उरणारा धक्का. इथे आधी इंजिन, मग रबरं.

टर्बाइनला जितक्या वेगातून थांबवायचं तितका धक्का मोठा. थंड इंजिनचा आयडल हजाराच्या वर असतो, म्हणून सकाळी स्टार्टर मारून लगेच डी ला टाकलं तर निरोगी गाडीही थोडी हिसकते. अर्धा मिनिट थांबून काटा उतरू द्या, मग टाका. पण तापल्यावरही आयडल आठशे-नऊशेवर राहत असेल किंवा वरखाली होत असेल तर दोष गिअरबॉक्सचा नाही. व्हॅक्यूमचा पाइप चिरून इंजिन बाहेरून हवा ओढतंय का, थ्रॉटल बॉडीत काजळी आहे का, एखादा सिलिंडर मिसफायर करतोय का, हे आधी. एअरफ्लो सेन्सरकडे विशेष लक्ष द्या. इंजिनचा कंट्रोल युनिट किती टॉर्क तयार होतोय हे गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटला सांगत असतो, आणि त्यावरून ऑइलचा दाब ठरतो. सेन्सर चुकीचं मोजत असेल तर इंजिन ठीक चालल्यासारखं वाटतं आणि दाब मात्र चुकीचा पडतो. गिअरबॉक्सवाल्याकडे नेलेल्या गाडीची एअरफ्लो सेन्सर बदलून तक्रार गेली, हे ऐकायला विचित्र वाटतं पण त्यात जादू काही नाही.

रबरांचं तसंच. जू सैल असलं की बैलांनी ओढल्यावर गाडीला हिसका बसतो; बैल तेच, ओढही तीच. इंजिनचे पुढचे दोन माउंटिंग द्रव भरलेले असतात. ते गळले, बसले, की इंजिन ब्रॅकेटवर आपटतं. गिअरबॉक्सखालचं माउंटिंग झिरपणाऱ्या ऑइलने फुगून मऊ होतं, म्हणजे वरच्या गळतीने इथेही हात मारलेला असतो. तपासायला बॉनेट उघडा, एकाने आत बसून ब्रेक दाबून डी-आर-डी असं टाकायचं, दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिनची हालचाल बघायची. बाजूला म्हणजे बाजूला, बंपरसमोर कोणीही उभं राहायचं नाही. इंजिन जरासं कलणार, ते ठीक. एखादा इंच उचललं जाऊन खाली आपटत असेल तर माउंटिंग गेलं.

मग प्रॉपेलर शाफ्ट. त्याच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला जाड रबरी कपलिंग डिस्क असतात, बोल्टच्या भोकांभोवती त्यांना चिरा पडतात. मधल्या बेअरिंगचं रबर फाटतं. डिफरेन्शियल आणि मागच्या सबफ्रेमचे बुश दबतात. गाडी स्टँडवर व्यवस्थित उचलून, एन मध्ये ठेवून शाफ्ट हाताने फिरवून बघा. किती फिरतो आणि मग कुठे अडकतो हे हाताला कळतं, ते लिहून कळवता येत नाही. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊन हे करू नका. कपलिंग डिस्क बदलताना नटांचा क्रम आणि टॉर्क पाळा, आणि बोल्ट रबराला पीळ न देता घट्ट करा. घाईत बसवलेली डिस्क लवकर चिरते.

इतकं सगळं ठीक निघालं आणि तरी धक्का टाकल्या टाकल्या, कडक, लोखंडी वाटावा असा, तर मग विजेचा विचार. या गिअरबॉक्समध्ये दाब नियंत्रित करणाऱ्या सॉलेनॉइडचा (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हचा) करंट तुटला की दाब सर्वात जास्त होतो. ही रचना मुद्दाम केलेली आहे, जेणेकरून बिघाडातही प्लेट्स घसरू नयेत. म्हणून लिंप मोडमध्ये (बिघाड झाल्यावर गाडी स्वतःच जाते त्या सुरक्षित अवस्थेत) गेलेली गाडी डी ला टाकल्यावर जोरात आपटते आणि दुसऱ्या गिअरमध्येच अडकून राहते. तुमच्याकडे पुढचे गिअर पडत आहेत, म्हणजे लिंप मोड नाही. पण अधूनमधून असं होत असेल तर कंडक्टर प्लेट बघावी लागेल. व्हॉल्व्ह बॉडीवर बसणारी ही प्लास्टिकची पट्टी असते, तिच्यातच एन-२ आणि एन-३ हे दोन स्पीड सेन्सर, तापमान सेन्सर आणि तो पी-एन चा संपर्क असतो. ती पॅन काढून बदलता येते, गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी हेही त्याच वेळी बघून घ्या, ते फुकट आहे.

डॅशवर दिवा लागत नाही म्हणून कोड नसतो असं नाही. पण कोड वाचून थांबू नका, लाइव्ह डेटा बघा, आणि त्यातही इंजिन स्पीड व टर्बाइन स्पीड एका ग्राफवर. निरोगी गाडीत डी ला टाकल्यावर टर्बाइनची रेषा लगेच उतरायला लागते आणि गोलाईने खाली येते. काही वेळ सपाट राहून मग कड्यावरून पडल्यासारखी उतरली, तर ती फट बुजायला लागलेला उशीर आणि त्यानंतर एकदम बसलेली पकड. लगेच आणि सरळ उभी उतरली, तर दाब जास्त. आणि रेषा सुंदर उतरते, तरी बुडाखाली धक्का जाणवतो, तर गिअरबॉक्स निर्दोष आहे, ढिलेपणा पुढे कुठेतरी आहे. हा ग्राफ न दाखवता कोणी ओव्हरहॉल म्हणत असेल तर तो अंदाज आहे, निदान नाही.

मग उघडायचा कधी? तापल्यावर दोन-तीन सेकंद उशीर आणि तो आठवड्यागणिक वाढतोय, चढावर किंवा गिअर बदलताना आरपीएम वर पळतात पण गाडी मागे राहते, पॅनमध्ये अस्तराचे खवले किंवा धातू. यातलं दुसरं किंवा तिसरं एकटंही पुरेसं आहे. त्या अवस्थेत नुसत्या ऑइल बदलण्यावर पैसे घालवू नका. आणि गाडी ब्रेकवर धरून पूर्ण ऍक्सिलरेटर देण्याची स्टॉल टेस्ट घरी करू नका. ऑइल काही सेकंदांत भयंकर तापतं, आणि ज्या गिअरबॉक्सचा संशय आहे त्याच्यावरच तो ताण पडतो.

इतर गाड्यांच्या मालकांसाठी दोन-तीन ओळी. ७२२.३ किंवा ७२२.४ असलेल्या जुन्या चार गिअरच्या मर्सिडीजमध्ये (डब्ल्यू-१२३, डब्ल्यू-१२४ वगैरे) दाब व्हॅक्यूमवर ठरतो. धक्का आला की आधी मॉड्युलेटरकडे (व्हॅक्यूमवरून दाब ठरवणाऱ्या भागाकडे) जाणारा बारीक पाइप आणि त्याचे रबरी जोड बघा. व्हॅक्यूम पोचला नाही की गिअर कडक पडतात. मॉड्युलेटरचा पडदा फाटला तर पेट्रोल इंजिन त्यातून गिअर ऑइल ओढून जाळतं, धूर येतो आणि ऑइल कमी होत जातं. तुमच्या ७२२.६ मध्ये हे काही नाही. झेडएफ कंपनीच्या सहा गिअरच्या ६एचपी गिअरबॉक्समध्ये पातळी साधारण ३० ते ५० अंशांच्या दरम्यान, इंजिन चालू ठेवून, भरण्याच्या प्लगमधून ऑइल बारीक धारेने बाहेर येतंय का यावरून ठरते. तिथे मेकॅट्रॉनिकच्या (व्हॉल्व्ह बॉडी आणि कंट्रोल युनिट एकत्र असलेल्या भागाच्या) प्लगचं स्लीव्ह गळतं, आणि व्हॉल्व्ह बॉडी व केसिंगमधलं रबरी ब्रिज सील कडक होऊन दाब सोडतं. हे दोन्ही भाग, गिअरबॉक्स न उतरवता, गाडीवरच बदलता येतात.

तुमच्या गाडीचा क्रम माझ्या मते असा ठेवा: वेळेचे चार आकडे, ८० अंशांना पातळी, कंट्रोल युनिटच्या प्लगमध्ये ऑइल आहे का, मग अडॅप्टर-फिल्टर-ऑइल एकत्र, आणि त्यानंतर माउंटिंग व कपलिंग डिस्क. ऍडॅप्टेशन रिसेट, म्हणजे कंट्रोल युनिटने शिकलेलं पुसणं, सगळ्यात शेवटी. कंट्रोल युनिट गेली कित्येक वर्षं कमी ऑइलच्या गिअरबॉक्सला जुळवून घेत आलं आहे, त्यामुळे दुरुस्तीनंतर पहिले काही दिवस गिअर थोडे विचित्र पडू शकतात. आधी रिसेट करून मग ऑइल भरलं तर ते पुन्हा चुकीचंच शिकतं. रिसेट केल्यावर ऑइल तापू द्या, हलक्या, स्थिर ऍक्सिलरेटरवर सगळे गिअर पडतील असं चालवा, आणि उभ्या गाडीत ब्रेकवर पाय ठेवून एन-डी आणि एन-आर काही वेळा करा, प्रत्येक वेळी काही सेकंद थांबून. मग पुन्हा चार आकडे मोजा. थंड असतानाचा उशीर एका सेकंदाच्या आसपास आला आणि तापल्यावर जेमतेम जाणवला, तर ओव्हरहॉलचा विषय संपला. तेवढा आला नाही, तर जुने-नवे आठही आकडे, पॅनचा न धुतलेला फोटो आणि टर्बाइन स्पीडचा ग्राफ पाठवा, त्यावरून बी-२ की बी-३ की पंप, हे सांगता येईल.